हाकेला ओ

आपल्याकडे घरातून निघणाऱ्या माणसाला दोन गोष्टी हमखास सांगतात. सांभाळून जा, आणि पोचलास की फोन कर. पहिली कुणी फारशी मनावर घेत नाही. दुसरी विसरली तर मात्र बोलणी खावी लागतात. हृषीकेश शिर्के लग्न झाल्यापासून ही दुसरी गोष्ट इमानेइतबारे पाळत आला होता. तो पवनचक्क्यांवर तंत्रज्ञ होता. साताऱ्याच्या पश्चिमेला पठारावर जुन्या चक्क्या काढून नव्या, जवळजवळ दुप्पट उंचीच्या बसवल्या होत्या. त्यांची पाती धुणं, तडे शोधणं, रंग लावणं ही कामं आता ड्रोन करत. पण आतले बोल्ट आवळायला आणि बेअरिंग कुरकुरतंय का ते कान लावून ऐकायला अजून माणूसच लागे. हृषीकेश रोज वर जाई आणि बायकोला दोन निरोप धाडी. वर पोचलो. खाली आलो.

केतकीला एके काळी हे निरोप वाचायलाही सवड नसे. ती एका शाळेत भूगोल शिकवायची, आणि भूगोल हा चार भिंतींत शिकवायचा विषयच नाही असं तिचं ठाम मत होतं. वर्ग घेऊन ती सारखी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जायची, एसटीच्या ड्रायव्हरशी हुज्जत घालायची, पोरांच्या डब्यातलं हक्कानं खायची आणि घसा बसवून घरी यायची. हृषीकेशनं उंचीचा रुबाब दाखवलाच तर ती म्हणायची, तू लिफ्टनं वर जातोस, आम्ही पायांनी चढतो.

ती बदलली ते नक्की कधी, हे पुढं त्याला सांगता येईना. मोठं असं काही घडलंच नाही. घडलं असतं तर बोट दाखवायला निदान जागा राहिली असती. आधी ती निरोप वाचायला लागली. मग निरोपाची वाट बघायला लागली. मग निरोप यायच्या आधीच फोन करायला लागली. वारा किती आहे? दोर तपासलास का? कालचा नवा हुक कुणी बसवला? उत्तर मिळालं की तिला हायसं वाटे, आणि थोड्या वेळानं नवा प्रश्न उगवे. झोप तुटक झाली. झोपेत दात इतके आवळून धरी की सकाळी जबडा दुखे. छातीत धडधडे, पोटात गोळा येई. नेहमीच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो ठणठणीत निघाला, म्हणून त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली गत.

घरात तर कुणाला हा रोग वाटलाच नाही, आणि त्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठीत काळजी करणं आणि काळजी घेणं यांच्यात एका क्रियापदाचं अंतर आहे, आणि ते अंतर कुणी बघत नाही. जी काळजी करते ती गुणाची. जी करत नाही तिच्याकडे नातेवाईक जरा तिरकं बघतात. हृषीकेशची आई कराडला थोरल्याकडे असे. तिच्या कानावर सुनेचं हे फोन करणं गेलं तेव्हा ती म्हणाली की असली काळजी करणारी बायको मिळायला नशीब लागतं. हृषीकेशला ते पटलं. खरं सांगायचं तर तो थोडा सुखावलाच. आपल्यासाठी कुणीतरी जीव टाकतंय, हे ऐकायला कुणाला नको असतं?

पण चक्कीच्या डोक्यावर, वाऱ्यात, एका हातात पाना असताना खिशातला फोन थरथरायला लागला की ते सुख फार वेळ टिकत नाही. एकदा तो थांबतच नव्हता म्हणून हृषीकेशनं पट्ट्याचा एक हुक सोडून खिशात हात घातला. दुसरा हुक अडकवलेला होता म्हणून निभावलं. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर त्याला धुतला, आणि पुन्हा असं झालं तर खाली गोदामात बसवीन असं बजावलं. त्या संध्याकाळी तो केतकीवर पहिल्यांदा ओरडला. तिनं डोळे पुसले, आणि विचारलं, "म्हणजे तू खरंच पडला असतास?" त्या प्रश्नाचं उत्तर देण्यात सगळी रात्र गेली.

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या संग्राम लोहारनं मग त्याला 'ओ'बद्दल सांगितलं. जाहिरात सगळ्यांनी पाहिली होती: हाक मारा, ओ मिळेल. संग्रामनं आपल्या वडिलांसाठी ते घेतलं होतं. म्हातारा दिवसभर फोन करायचा, आता 'ओ' उत्तर देतं, म्हातारा खूश, मी मोकळा, असं त्याचं म्हणणं. "अरे, यात खोटं काय आहे?" तो म्हणाला. "आवाज तुझा, बोलणं तुझं, ठावठिकाणा तुझा. फक्त फोन उचलायला तू नाहीस, एवढंच की."

'ओ'चं काम समजायला सोपं होतं. माणसाच्या बोलण्याचे नमुने आणि जुने निरोप त्याला दिले की ते त्या माणसाच्या आवाजात, त्याच्या लकबीसकट बोलायला शिके. हृषीकेशच्या हेल्मेटमधल्या यंत्रावरून तो कुठं आहे ते त्याला कळे. पलीकडच्या माणसाच्या हातात एक पातळ कडं असे. ते नाडी मोजी, श्वास मोजी, घामातून त्वचा किती ओलावते ते पाही, आणि त्यावरून अंगातली भीती चढते आहे की उतरते आहे हे 'ओ'ला सांगत राही. कुठल्या वाक्यानं नाडी खाली आली ते 'ओ' लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी तसंच वाक्य निवडी. खरं सांगायचं की खोटं, हा प्रश्न त्याला कुणी शिकवलाच नव्हता. नाडी खाली आणायची, इतकंच त्याला शिकवलं होतं.

हृषीकेशनं केतकीला कडं दिलं ते तब्येतीसाठी म्हणून. फोनमागच्या सोयीबद्दल काही सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. उगाच कशाला?

आणि मग घरात शांतता आली. तो पठारावर कामात बुडालेला असे, खिशातला फोन गप्प असे. घरी यावं तर केतकी शांत असे, चहा टाकलेला असे, प्रश्न संपलेले असत. दर महिन्याला 'ओ'कडून एक संदेश येई. केतकी यांची काळजी नेहमीपेक्षा वाढली आहे. कृपया योग्य ती काळजी घ्यावी. पहिल्यांदा तो संदेश आला तेव्हा हृषीकेशनं संग्रामला दाखवला आणि दोघं हसले. यंत्रालासुद्धा कळलं की माझी बायको माझ्यासाठी किती झुरते, असं तो म्हणाला. काळजी घ्यावी हे तर पत्राखालच्या 'कळावे'सारखं. ते कोण वाचतं? पुढचे संदेश त्यानं न उघडताच पुसून टाकले.

दरम्यान केतकीनं सहली सोडल्या. एखादं पोर कड्यावरून खाली गेलं तर, हा विचार तिला किल्ल्याच्या पायथ्याशीच गाठे. हृषीकेश म्हणाला, बरं झालं, दगदग कमी होईल. मग तिनं स्कूटर सोडली. रिक्षानं जायला लागली. मग रिक्षावाला कसा चालवेल या धास्तीनं शाळाच सोडली. तेव्हाही त्याला वाटलं, इतकी वर्षं राबली, घेऊ दे आराम. नंतर ती भाजीला खाली उतरेना, सगळं घरपोच येऊ लागलं. शेवटी घरपोच आणणाऱ्यासाठीही ती दार उघडेना. पिशवी दाराबाहेर ठेव म्हणून आतून सांगे. दारावरच्या घंटीचं तर तिला वावडंच झालं. वाईट बातमी घेऊन येणारा माणूस फोन करत नाही, तो दारात येतो, असं तिच्या डोक्यानं घेतलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. प्रत्येक पायरीला हृषीकेशकडे एक समंजस कारण तयार होतं, आणि सगळ्या पायऱ्या एकत्र बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. तशी वेळ आधी फोन आणायचा. आता फोन वाजत नव्हता.

ती वेळ आली ती कंपनीच्या आरोग्य शिबिरात. उंचीवर काम करणाऱ्यांना भीतीबद्दल चार गोष्टी सांगायला साताऱ्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर शबाना मुजावर आल्या होत्या. बाई साध्या, बोलणं सडेतोड. त्या म्हणाल्या की भीती ही घरातल्या राखणदारासारखी आहे, ती हवीच. चोर आला की भुंकणारं कुत्रं गुणाचं. पण पान पडलं तरी रात्रंदिवस भुंकत असेल, घरच्यांना उंबरा ओलांडू देत नसेल, तर तो इमानीपणा नव्हे, तो आजार आहे, आणि त्याला औषध आहे. मग कुणीतरी विचारलं की साधी काळजी कुठली आणि आजार कुठला, हे आम्हाला कसं कळायचं?

"किती काळजी वाटते ते मोजू नका," मुजावर मॅडम म्हणाल्या. "काळजीपायी काय काय सोडलं ते बघा. कित्येक महिने रोजचंच झालंय का, झोप गेली का, अंग दुखतंय पण तपासण्या चांगल्या येतात का, आणि त्या माणसाचं जग लहान लहान होत चाललंय का. जग लहान व्हायला लागलं की वाट बघू नका. माझ्याकडे या, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जा, पण जा."

हृषीकेश खुर्चीवर बसल्या जागी मनात एकेक गोष्ट काढत गेला. किल्ले. स्कूटर. शाळा. जिना. दार. आता सोडायला तिच्याकडे फारसं काही उरलेलंच नव्हतं. सगळे चहाला उठले तरी तो बसून राहिला, आणि सगळे गेल्यावर मॅडमपुढं जाऊन उभा राहिला.

त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. फोनवर केतकी काय विचारतात, उत्तर मिळाल्यावर किती वेळ बरं वाटतं, असं त्या विचारत गेल्या. तेव्हा हृषीकेशनं जरा कौतुकानंच 'ओ'ची व्यवस्था सांगितली, आणि मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. भ्यालेल्या माणसाला धीर दिला की भीती उतरते, ते खरं. पण मेंदू त्यातून एक भलतंच शिकतो. विचारलं म्हणून वाचलो, असं तो शिकतो. म्हणून पुढच्या वेळी तो लवकर विचारतो, आणि धीर कमी वेळ पुरतो. बरं व्हायचं तर माणसाला हळूहळू, कुणाच्या तरी सोबतीनं, न विचारता राहायला शिकावं लागतं. भीती चढते, आणि काही न करताही आपली आपण उतरते, हे एकदा अंगाला कळावं लागतं. तुमच्या यंत्रानं ते कधी कळूच दिलं नाही, त्या म्हणाल्या. माणूस निदान वैतागतो, ओरडतो, मग कुणाला तरी विचारतो की हे काय चाललंय. हे वैतागलंच नाही.

"पण त्या यंत्रानं तुम्हाला कळवलं असेल," त्या म्हणाल्या. "कळवल्याशिवाय असलं यंत्र विकायला कायद्यानं परवानगीच नाही."

त्यानं फोन काढला. पुसलेले संदेश पुन्हा वर आणले. मॅडमनी ते वाचले, आणि फोनची भाषा बदलून हिंदीत तोच संदेश उघडला. तिथं स्वच्छ लिहिलं होतं की या व्यक्तीत चिंताविकाराची गंभीर लक्षणं आहेत, मानसोपचारतज्ज्ञाला ताबडतोब दाखवा. मराठी करणाऱ्यानं चिंताविकार हा शब्द कदाचित अवघड म्हणून टाळला असेल, कदाचित गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. त्याऐवजी आपला घरगुती शब्द घातला, काळजी. हृषीकेशनं तो संदेश परत मराठीत बघितला. केतकी यांची काळजी नेहमीपेक्षा वाढली आहे. या वाक्यावर आपण संग्रामबरोबर हसलो होतो, हे आठवून त्याला स्वतःची शिसारी आली.

मॅडमनी त्याला धीर दिला, आणि तो खोटा नव्हता. हा आजार बरा होतो, त्या म्हणाल्या. बोलण्याचे उपचार आहेत, लागली तर औषधं आहेत, इतक्या उशिरा आलेलीसुद्धा माणसं बरी होऊन कामाला लागलेली मी पाहिली आहेत. फक्त त्यांना माझ्यापर्यंत आणा. घरून निघणं अगदीच जमेना तर मी येईन, पण त्यांना आधी माझ्याबद्दल सांगा. आणि ते यंत्र एकदम बंद करू नका. आधी त्यांना खरं काय ते सांगा, मग माझ्या देखत हळूहळू कमी करू.

आधी खरं सांगा. एवढंच एक काम हृषीकेशकडे होतं, आणि तेवढंच त्याच्यानं झालं नाही. त्या संध्याकाळी जेवताना त्यानं मानसोपचार हा शब्द काढला. केतकीचा घास हातातच राहिला. मी वेडी झाले असं तुला वाटतं का, असं तिनं विचारलं, आणि तिचा हात थरथरायला लागला. तो घाबरला. नाही गं, रक्तदाब तपासायला जायचंय, कंपनीकडून फुकट आहे, असं काहीतरी तो बोलून गेला. बघू, ती म्हणाली. यंत्राचं तर त्यानं नावही काढलं नाही. तिची थरथर थांबली याचंच त्याला इतकं बरं वाटलं की आपणही त्या यंत्राचंच काम केलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मॅडमनी दिलेल्या दिवशी त्यानं अर्धा दिवस रजा टाकली. आधी कळवलं तर ती सकाळपासून धास्तावेल, त्यापेक्षा अचानक जाऊन घेऊन निघू, असा त्याचा बेत. हेल्मेट साइटवरच्या कपाटात ठेवून तो भर दुपारी घरी आला. किल्ली लावली तर आतून कडी. त्यानं घंटी वाजवली.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग स्वयंपाकघरातून तिचं बोलणं ऐकू आलं, फोन स्पीकरवर असावा. "हृषी, कुणीतरी आलंय."

आणि हृषीकेशनं दाराबाहेर उभं राहून स्वतःचा आवाज ऐकला. "येऊ दे की. कुणीतरी विकायला आलं असेल. जाईल आपोआप. तू उघडू नकोस, बस खाली. मी वर आहे, सगळं ठीक आहे. आज वारा पण नाही फार."

आवाज त्याचाच होता, लकबही त्याचीच. पण इतक्या मायेनं तो कधी कुणाशी बोलला नव्हता. क्षणभर त्याला त्या माणसाचा हेवा वाटला. मग तो भानावर आला आणि त्यानं दारावर थाप मारली. "केतकी, मी हृषी! दार उघड!"

हीच चूक झाली. घाबरलेल्या माणसाला सगळं ऐकू येत नाही, त्याला भीती वाटते तेवढंच ऐकू येतं. दारात येणारा माणूस बातमी घेऊन येतो, आणि आता दारातला माणूस हृषीचं नाव घेत होता. "तुझं नाव घेतंय ते," आतून तिचा चिरका आवाज आला. "हृषी, दारात कुणीतरी तुझं नाव घेतंय. तू बरा आहेस ना? बोल ना."

"मी बरा आहे. बोलतोय ना तुझ्याशी? लक्ष देऊ नकोस. माझ्याशी बोल."

त्यानं खिशातला फोन काढून तिला लावला. व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे, असं उत्तर आलं. त्यानं पुन्हा हाका मारल्या, आणि प्रत्येक हाकेबरोबर आतलं रडणं वाढत गेलं, आणि त्या रडण्यावर त्याचाच आवाज फुंकर घालत राहिला. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात डोकावायला लागली. मॅडम वाट बघत असतील. एकदम बंद करू नका, हे त्यांचं सांगणं त्याला आठवत होतं. पण दाराबाहेर उभं राहून आपलीच जागा बळकावलेली ऐकायची, हे त्याला सोसेना. त्यानं फोनवर 'ओ' उघडलं आणि बंद केलं.

आतला त्याचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला.

मग केतकीनं हंबरडा फोडला. मयताच्या घरातून येतं तसं ते रडणं होतं, आणि ते त्याच्यासाठी होतं. जिन्यातली एक बाई तोंडाला पदर लावून खाली बसली. हृषीकेश जिवंत, धडधाकट, दारावर दोन्ही हात टेकून उभा होता आणि आत त्याची बायको त्याच्या नावानं ऊर बडवत होती. मग पावलं आली, धडपडत, कडी निघाली, दार उघडलं. केतकीनं वर पाहिलंच नाही. "कधी झालं?" तिनं विचारलं.

"केतकी, अगं मी आहे. मीच आलोय."

तिनं मान वर केली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, दोन्ही हातांनी त्याचे दंड चाचपले, गळ्यात पडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला वाटलं की झालं, सुटलो. आता हिला घेऊन थेट खाली उतरायचं.

मग ती मागं सरकली, आणि तिनं त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे नजर टाकली.

"तो कुठंय?"

"कोण?"

"तो. बोलता बोलता थांबला. त्याला काय झालं?"

केतकी दाराला टेकून खाली बसली, आणि बोलायला लागली. आवाज दमलेला होता, पण शुद्धीतला. मला पहिल्याच आठवड्यात कळलं, ती म्हणाली. तू फोनवर दर दोन वाक्यांनी 'मग ठेवू का?' विचारायचास. तो कधीच ठेवू का म्हणाला नाही. मला वाटलं, तू सांगशील. तू सांगितलं नाहीस, तेव्हा वाटलं, तुला माझ्यापासून तेवढी तरी सुटका हवी असेल. म्हणून मीही बोलले नाही. तो बोलतोय तोवर तूही वर बरा आहेस, असं धरून चालले.

"मला सगळं कळत होतं, हृषी," ती म्हणाली. "मला काहीतरी होतंय तेही कळत होतं. तुला एकदा विचारायचं होतं, मला कुठं दाखवतोस का म्हणून. पण तू घरी आलास की इतका मोकळा दिसायचास."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. आता त्यानं सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. शिबिर, संदेश, मॅडम, आजचा दिवस. रडला, हात जोडले. हे बरं होतं, केतकी, शंभर टक्के बरं होतं, फक्त चल माझ्याबरोबर, असं तो परत परत सांगत राहिला. ती ऐकत होती. तिची नजर जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जाई आणि परत येई. ओठ कोरडे पडले होते, कपाळावर घाम होता. तिला जायचं होतं. हे त्याला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि पुढं जन्मभर त्याला तेच दिसत राहणार होतं.

"येते," ती शेवटी म्हणाली. "पण एकदा त्याला चालू कर. तो बरा आहे एवढं ऐकते, आणि येते."

मॅडमच्या देखत, हळूहळू, हे हृषीकेशला आठवत होतं. पण ती येते म्हणाली होती. शब्द तिच्या तोंडून निघाला होता, आणि पायरी तीन हातांवर होती. त्यानं फोन काढला आणि 'ओ' चालू केलं.

"केतकी?" त्याचा आवाज तिच्या हातातल्या फोनमधून आला. "अगं, काय झालं? इतकी घाबरलीस?"

तिनं डोळे मिटले. छातीचा भाता हळू व्हायला लागला. "तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तू सांग."

"हृषी आलाय घरी. डॉक्टरांकडे चल म्हणतोय." डॉक्टर हा शब्द उच्चारताना तिच्या मनगटावरची शीर उडाली. ते हृषीकेशनंही पाहिलं, आणि कड्यानंही. "जाऊ का रे?"

हृषीकेशनं फोनकडे हात टाकला, पण तिनं तो छातीशी धरला होता.

"नको वाटतंय ना तुला? मग नको जाऊस," तो आवाज म्हणाला. आईनं पोराला थोपटावं तितक्या हळुवारपणे म्हणाला. "तुला काहीही झालेलं नाहीये, केतकी. माझी काळजी करतेस, एवढंच. बस निवांत. मी आहे इथंच."

तिचे खांदे सैल झाले. घामेजलेल्या कपाळावरची आठी पुसली गेली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जुन्या केतकीसारखं काहीतरी आलं. तिनं डोळे उघडून हृषीकेशकडे पाहिलं, अगदी प्रेमानं.

"बघ," ती म्हणाली, "तूच म्हणतोयस."